टॅक्स वाचेल हो, पण घर कुठंय?

‘घर घेऊन टाक, टॅक्स वाचतो.’ पहिली नोकरी लागून सहा महिने झाले की हे वाक्य किमान तीन जणांकडून ऐकायला मिळतं. एक म्हणजे काका, ज्यांनी स्वतः नव्वदच्या दशकात कोथरूडला फ्लॅट घेऊन ठेवलेला असतो. दुसरी बँकेतून फोन करणारी ताई. आणि तिसरा ऑफिसमधला सीनियर, ज्याचा ईएमआय सुरू झालेला असतो आणि म्हणून सगळ्यांचाच सुरू व्हावा असं त्याला मनापासून वाटत असतं. लग्नाच्या बायोडेटात तर ‘पुण्यात स्वतःचा टू बीएचके’ ही ओळ शिक्षणाच्याही वर जाऊन बसलीये. घराचा प्रश्न चाळिशीतल्या लोकांचा, असं म्हणून आपण तो टाळू शकत नाही. तो पंचविशीतच दारात येऊन उभा राहतो. फक्त दार आपलं नसतं, घरमालकाचं असतं.

म्हणूनच ‘पहिलं घर घेणाऱ्या तरुणांना करसवलत द्या’ ही मागणी कानाला फार गोड लागते. दरवर्षी बजेटच्या तोंडावर ती होते. गृहकर्जाच्या व्याजावरची वजावट २ लाखांवरून ५ लाख करा, परवडणाऱ्या घराची मर्यादा वाढवा, पहिल्या घराची खास सवलत परत आणा. पण जरा बघा, ही मागणी सगळ्यात जोरात करतं कोण? बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना. ज्यांना घर घ्यायचंय त्या तरुणांचा या मागणीसाठी मोर्चा निघालेला तुम्ही पाहिलाय? मी तरी नाही. सवलत जर आपल्याला मिळणार असेल, तर ती मागायची एवढी घाई विकणाऱ्याला का?

या लेखात मला एवढंच म्हणायचंय. जिथं घरांचा तुटवडा आहे, तिथं घेणाऱ्याला दिलेली करसवलत घेणाऱ्याकडे टिकत नाही. तिचा मोठा हिस्सा किमतीत मुरतो. त्यामुळे मागायचीच असेल तर आपल्या पिढीनं वेगळी मदत मागायला हवी.

आजवर काय काय मिळालं?

यादी तशी लांब आहे. २०१३च्या बजेटमध्ये पहिलं घर घेणाऱ्यांसाठी ८०-ईई हे कलम आलं. २५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजावर १ लाखाची जादा वजावट. २०१४मध्ये राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची कलम २४ खालची मर्यादा दीड लाखावरून २ लाख झाली. २०१६मध्ये ८०-ईई नव्या रूपात परत आलं, या वेळी ५० हजारांची वजावट, पण घर ५० लाखांच्या आत आणि कर्ज ३५ लाखांच्या आत हवं. मग २०१९मध्ये ८०-ईईए आलं. ४५ लाखांपर्यंतच्या पहिल्या घरासाठी कलम २४च्या २ लाखांच्या वर आणखी दीड लाखाची वजावट. दोनदा मुदतवाढ मिळून ३१ मार्च २०२२पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना ती लागू झाली. त्यानंतर हे दारही बंद झालं.

शिवाय २०१५पासून पंतप्रधान आवास योजनेत व्याज अनुदान होतंच. अल्प उत्पन्न गटाला जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार रुपये. २०२० साली कोविडच्या काळात महाराष्ट्र सरकारनं मुद्रांक शुल्कात कपात केली, ती वेगळीच.

आता या सगळ्यात गंमत अशी की, नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वजावटच नाही. २०२३-२४पासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली झाली. जुनी हवी असेल तर ती वेगळी निवडावी लागते. २०२५च्या बजेटनंतर नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे महिन्याला १ लाख पगार असलेला मुलगा किंवा मुलगी आज एक रुपयाही प्राप्तिकर न भरता राहू शकते. जिथं टॅक्सच नाही तिथं ‘टॅक्स वाचतो’ म्हणून घर घ्या, हा सल्ला कुणाला देताय? आणि आमच्या बॅचमधल्या बहुतेकांचा पगार १ लाखाच्या आसपासही फिरकत नाही, हे सांगायला नकोच.

पाणी कुठं मुरतं?

आधी एक गैरसमज दूर करू. २ लाखांची वजावट म्हणजे २ लाख हातात मिळत नाहीत. तेवढं उत्पन्न करातून वगळलं जातं. जुन्या प्रणालीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे उपकरासह वर्षाला ४१,६०० रुपये वाचतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे ६२,४०० वाचतात. आणि ज्याचं करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत आहे, त्याला रिबेटमुळे मुळात कर नाही, म्हणून सवलतही शून्य. थोडक्यात, ज्याची कमाई जास्त त्याला मदत जास्त. ज्याला घराची सगळ्यात जास्त अडचण, त्याच्या हातावर काहीच नाही.

आता किमतीकडे वळू. समजा, एका मुलीला जास्तीत जास्त ४१-४२ हजारांचा हप्ता झेपतो. साडेआठ टक्के दरानं २० वर्षांसाठी त्यात साधारण ४८ लाखांचं कर्ज बसतं. सरकारनं तिचे वर्षाला ४१,६०० रुपये वाचवले, म्हणजे महिन्याला सुमारे साडेतीन हजार. तेवढे जादा पैसे हप्त्यात टाकले तर तिला आणखी जवळपास ४ लाखांचं कर्ज पेलतं. छान. पण त्याच सोसायटीतल्या त्याच फ्लॅटवर डोळा ठेवून बसलेल्या आणखी दहा जणांनाही नेमके तेवढेच ४ लाख जास्त पेलतात. फ्लॅट मात्र एकानंही वाढलेला नाही. मग काय होणार? विक्री विभागातल्या माणसाला हे गणित आपल्याआधी कळतं. ५६ लाखांना जाणारा फ्लॅट ६० लाखांना जायला लागतो. आपण म्हणतो टॅक्स वाचला. तो म्हणतो रेट वाढला. दोघंही खरं बोलत असतात, पैसे मात्र एकाच दिशेनं गेलेले असतात.

सगळे ४ लाख प्रत्येक वेळी विकणाऱ्याकडेच जातात असं नाही. ते तुटवड्यावर ठरतं. न विकलेल्या फ्लॅटचा ढीग पडलेला असेल तर सवलतीचा काही भाग ग्राहकाकडे राहतो. मागणी वाढली की पटकन नवी घरं उभी राहतील अशी मोकळी जमीन असेल तर किंमत फारशी चढत नाही. पण मुंबईत जमीन आहे कुठे? पुण्यात नव्या हद्दीत जमीन आहे, तर तिथं पाणी टँकरचं आणि रस्ता अर्धवट. जमीन, पाणी, रस्ता, परवानगी यातलं काहीच वाढवायचं नाही आणि ग्राहकाच्या खिशात फक्त पैसे कोंबायचे, तर त्या पैशांची किंमतवाढ होणारच.

हे लंडनमध्येही घडलंय

ही फक्त आपली रडकथा आहे असं समजू नका. ब्रिटननं याचा मोठा प्रयोग केला. इंग्लंडमध्ये २०१३पासून २०२३पर्यंत ‘हेल्प टू बाय’ नावाची योजना चालली. नवीन बांधलेलं घर घेणाऱ्यानं फक्त ५ टक्के रक्कम उभी करायची, सरकार घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत कर्ज देणार. लंडनमध्ये घरं फारच महाग, म्हणून २०१६मध्ये तिथं ही मर्यादा ४० टक्के केली. ही करसवलत नव्हती, पण हेतू तोच होता. घेणाऱ्याची ताकद वाढवायची.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी पुढे सीमेवरच्या घरांचा अभ्यास केला. लंडनच्या हद्दीच्या आतली आणि लगेच बाहेरची घरं त्यांनी तपासली, तशीच इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरची. लंडनमध्ये, जिथं नवीन बांधकामाला वाव कमी, तिथं योजनेमुळे नव्या घरांच्या किमती वाढल्या आणि बांधकाम मात्र वाढलं नाही. वेल्सच्या सीमेवर, जिथं जमीन मोकळी आहे, तिथं उलट झालं. बांधकाम वाढलं, किमतींवर ठळक परिणाम दिसला नाही. तीच योजना, तेच सरकार, निकाल मात्र जमिनीनं ठरवला. २०२२मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या समितीनंही म्हटलं की, जिथं मदतीची गरज सगळ्यात जास्त, तिथं अशा योजना मदतीच्या रकमेपेक्षाही जास्त किमती फुगवतात.

डेन्मार्कमधला अनुभव तर थेट व्याजाच्या वजावटीबद्दलचा आहे. तिथं १९८०च्या दशकात ही वजावट मोठ्या प्रमाणात कमी केली गेली. नंतर अर्थतज्ज्ञांनी पाहिलं तर वजावटीमुळे घरमालकांची संख्या वाढत नव्हती. ज्यांना घर घ्यायचंच होतं ते अधिक मोठं, अधिक महागडं घर घेत होते, एवढंच. आणि ब्रिटननं स्वतःची गृहकर्जाच्या व्याजावरची करसवलत एप्रिल २०००मध्येच पूर्ण बंद केली होती.

आता मुंबई-पुण्याच्या जागी मनात लंडन ठेवा आणि वेल्सच्या जागी एखादा मोकळा तालुका. आपलं कुठे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

४५ लाखांचं कोडं

सवलतींच्या नियमांत एक आकडा वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलाय. ४५ लाख. ८०-ईईएसाठी हीच मर्यादा होती. २०१९मध्ये ठरलेल्या जीएसटीच्या दरांतही परवडणारं घर म्हणजे ४५ लाखांपर्यंतचं. बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर १ टक्का जीएसटी, त्याच्या वर ५ टक्के. यात क्षेत्रफळाची मर्यादा शहर बघून बदलते. मुंबई महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर कार्पेट, पुण्यात किंवा लातुरात ९०. म्हणजे मुंबई वेगळी आहे हे सरकारला मान्य आहे. पण किंमत? मुंबईतही ४५ लाख, पुण्यातही ४५ लाख आणि गडचिरोलीतही ४५ लाख.

परिणाम काय? ४५ लाखांच्या घरावर जीएसटी ४५ हजार. त्याच घराची किंमत ४६ लाख केली की जीएसटी २ लाख ३० हजार. एका लाखाच्या फरकानं करात पावणेदोन लाखांहून जास्त फरक. आणि मुंबईत दादर, अंधेरी, ठाणे सोडाच, ४५ लाखांत धड वन बीएचके शोधायला निघालात तर लोकलचा नकाशा शेवटच्या स्टेशनपर्यंत उलगडावा लागतो. म्हणजे जिथं नोकऱ्या आहेत, तिथं ‘परवडणारं’ घर सरकारी व्याख्येतच बसत नाही. व्याख्येत बसणारं घर घेतलं की रोजचे तीन-चार तास प्रवासात. वाचलेला टॅक्स लोकलच्या पासात आणि पाठदुखीच्या गोळ्यांत जातो.

मर्यादा वाढवली तर प्रश्न सुटेल का? व्याख्या शहराप्रमाणे बदलायलाच हवी. पण ती नुसतीच ७५-८० लाखांवर नेली आणि घरांची संख्या तेवढीच राहिली, तर वर सांगितलेलं ४ लाखांचं गणित मोठ्या आकड्यांत पुन्हा सुरू होईल.

एका हातानं देणं, दुसऱ्या हातानं घेणं

हिशेबाची दुसरी बाजूही पाहू. पुण्यात ६० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला असं समजू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देते. म्हणजे १२ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. हे पैसे कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत, ते रोखच लागतात. नोंदणी फी ३० हजार. झाले साडेसोळा लाख. शिवाय ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख.

यातलं मुद्रांक आणि जीएसटी मिळून सरकारनं घेतले ७ लाख २० हजार. आता कर्ज ४८ लाखांचं. पहिल्या वर्षी व्याज ४ लाखांच्या आसपास, त्यातले वजावटीला पात्र २ लाख. जुन्या प्रणालीत, २० टक्क्यांच्या टप्प्यात, साडेआठ टक्के व्याजदर कायम धरून पूर्ण २० वर्षांचा हिशेब केला, तर व्याजावरच्या वजावटीतून वाचणारा कर येतो सुमारे ७ लाख २० हजार. (८०-सीची दीड लाखाची मर्यादा पीएफ आणि विम्यानं बरीचशी भरलेली असते, म्हणून ती यात धरलेली नाही.) पुन्हा वाचा. सरकार पहिल्याच दिवशी ७ लाख २० हजार घेतं आणि तेवढेच २० वर्षांत थेंबाथेंबानं परत करतं, तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. याला आपण ‘सरकारी मदत’ म्हणून पेढे वाटतो.

आणि तरुणाची खरी अडचण कुठंय? हप्त्यात नाही, त्या पहिल्या साडेसोळा-एकोणीस लाखांत आहे. हे पैसे बावीस-पंचविशीत कुणाकडे असतात? ज्याचे आईवडील देऊ शकतात त्याच्याकडे. गावाकडची जमीन विकून, आईचं सोनं मोडून, बाबांचा पीएफ काढून उभे केलेले. प्राप्तिकराच्या कुठल्याच कलमाला या साडेसोळा लाखांचा पत्ता नाही. ‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ ही म्हण आपल्या आजी-आजोबांच्या काळात दोन वेगळ्या कसोट्यांबद्दल होती. आज पहिली पार केल्याशिवाय दुसरीचा फॉर्मसुद्धा कुणी भरू देत नाही.

मग सवलत नकोच का?

तसं नाही. सगळ्या सवलती एका मापानं मोजता येणार नाहीत. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून फक्त महिलांच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. तिनं घरांच्या किमती कमी होणार नाहीत, पण सातबाऱ्यापासून शेअर सर्टिफिकेटपर्यंत सगळीकडे पुरुषाचंच नाव असलेल्या समाजात मालकीच्या रकान्यात एक बाईचं नाव आणण्याचं काम ती करू शकते. २०२४मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज अनुदान थेट कर्ज खात्यात मिळतं. इथं टॅक्स भरत असण्याची अट नाही, हे चांगलं. पण घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. पुन्हा तेच, असं घर दाखवा आणि अनुदान न्या.

आणि २०२०ची मुद्रांक कपात? सप्टेंबर ते डिसेंबर २०२० शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं. डिसेंबरमध्ये एकट्या मुंबईत १९ हजारांहून जास्त घरांची नोंदणी झाली. बाजार थंडावलेला होता, फ्लॅट पडून होते, म्हणून अनेकांना खरोखर फायदा झाला, हे मान्य करायला हवं. पण ती कपात पहिलं घर घेणाऱ्यांपुरती नव्हती. ५० लाखांचं पहिलं घर घेणाऱ्याचे दीड लाख वाचले. १० कोटींचं तिसरं घर घेणाऱ्याचे ३० लाख वाचले. मदतीची गरज कुणाला होती, हे तुम्हीच ठरवा.

पुढचा प्रसंग जास्त बोलका आहे. जानेवारी २०२१मध्ये राज्य सरकारनं बिल्डरांना प्रीमियममध्ये ५० टक्के सूट दिली. पण अट घातली, की ही सूट घेणाऱ्यानं ग्राहकाचं मुद्रांक शुल्क स्वतः भरायचं. ही अट का घालावी लागली? कारण दिलेली सवलत आपोआप झिरपत ग्राहकापर्यंत पोचत नाही, हे सरकारलाही पक्कं ठाऊक होतं. मग घेणाऱ्याच्या नावानं दिलेल्या करसवलतीला असा पाइप का जोडलेला नसतो?

आपण काय मागायचं?

पहिली गोष्ट, सवलत घेणाऱ्याऐवजी घराला जोडा. म्हणजे जो प्रकल्प ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या मुदतीत, नोकरीच्या ठिकाणाजवळ छोटी घरं बांधून देईल, त्यालाच कर आणि प्रीमियमची सूट. घर तयार नाही, तर सूट नाही. पुण्यासारख्या मोठ्या महापालिकांच्या हद्दीत ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरच्या प्रकल्पांत २० टक्के घरं आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा नियम आहे. ती म्हाडाच्या सोडतीतून दिली जातात. या नियमातून किती घरं यायला हवी होती आणि किती आली, याचा वॉर्डनिहाय हिशेब प्रत्येक शहरानं दरवर्षी जाहीर करायला हवा. तरुणांच्या संघटनांनी बजेटच्या आधी निवेदन द्यायचंच असेल तर या हिशेबासाठी द्यावं.

दुसरी गोष्ट, रिकाम्या घरांचं काहीतरी करा. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांहून जास्त घरं रिकामी होती. त्यात एकट्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार. एकीकडे माणसं एका खोलीत चार जण राहतायत आणि दुसरीकडे कुलूप लावलेले फ्लॅट किंमत वाढायची वाट बघतायत. काही जण भाडेकरू घर सोडणार नाही या भीतीनं कुलूप लावतात, हेही खरं. त्यांना जलद न्यायाची हमी द्या. पण फक्त गुंतवणूक म्हणून कोंडून ठेवलेल्या घराला आणि पहिल्या घराला कर आकारताना एकाच रांगेत बसवू नका.

तिसरी गोष्ट, भाड्याच्या घराला कमी लेखणं थांबवा. बावीस ते तीस या वयात आपण शहर बदलतो, नोकरी बदलतो, कधी कधी क्षेत्रही बदलतो. २० वर्षांचं कर्ज गळ्यात बांधून हे कसं करणार? आपल्याला हवंय ते साधं, सुरक्षित, दर ११ महिन्यांनी बोजाबिस्तरा उचलायला न लावणारं भाड्याचं घर. पण नव्या करप्रणालीत घरभाड्यावरची एचआरए सवलतही नाही. मे २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ‘माझे घर, माझे अधिकार’ हे गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३०पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, आणि त्यात विद्यार्थी आणि नोकरदार महिलांच्या घरांचाही विचार आहे. कागदावर उत्तम. आता यातली भाड्याची घरं किती, कुठे आणि कधी, हे विचारत राहणं आपलं काम.

चौथी गोष्ट, पहिल्या घरावर सरकारनं घ्यायचं कमी करावं. २० वर्षं थेंबाथेंबानं परत करण्यापेक्षा पहिल्या, लहान घरावरचं मुद्रांक शुल्क सुरुवातीलाच कमी घेतलं तर त्या साडेसोळा लाखांचा डोंगर थोडा खाली येईल. यातही काही भाग किमतीत मुरण्याचा धोका आहेच, म्हणून ही सूट नव्या घरांच्या पुरवठ्याबरोबरच यायला हवी, त्याऐवजी नाही.

यावर काही जण म्हणतील, मिळतेय ती सवलत तर घ्या, फुकटचं कशाला सोडायचं? पण ती फुकटची नसते. सरकारचा जो महसूल या सवलतीत जातो, तो बसच्या तिकिटातून, पेट्रोलमधून, प्रत्येक वस्तूवरच्या जीएसटीतून आपणच भरलेला असतो. ज्याला कधीच फ्लॅट परवडणार नाही, तो डिलिव्हरी बॉयसुद्धा तो भरतो. त्याच्या पैशातून आपली वजावट आणि आपल्या वजावटीतून कुणाचा तरी वाढलेला रेट, ही साखळी एकदा दिसली की ‘टॅक्स वाचतो’ हे वाक्य तेवढं भोळं राहत नाही.

पुढच्या बजेटच्या दिवशी टीव्हीवर ‘पहिलं घर घेणाऱ्या तरुणांना मोठा दिलासा’ अशी पट्टी सरकायला लागली, तर लगेच स्टेटस ठेवू नका. आधी दोन प्रश्न विचारा. या घोषणेनं एक तरी नवीन घर उभं राहणार आहे का? आणि उद्या सकाळी माझ्या शहरातला रेट काय असेल? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसऱ्याचं उत्तर जाहिरातीतल्या ‘मर्यादित कालावधीसाठी’ या शब्दांखाली बारीक अक्षरात छापलेलं सापडेल.